देणगीतले किती पैसे प्रत्यक्ष कामाला लागतात, आणि अधिकाऱ्यांना एवढे वेतन कशासाठी?

साशंक (प्रश्न)

मी काही सेवाभावी संस्थांना दरवर्षी देणगी देतो. रक्कम फार मोठी नसते, पण ती नेमाने जाते आणि तिचे पुढे काय होते याची चौकशी मी आजवर केलेली नव्हती. अलीकडे त्यांपैकी एका संस्थेचा वार्षिक अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचला. देणगीच्या दर शंभरातले नव्वद थेट कामावर खर्च होतात, असे सुरुवातीच्या पानावर ठळक अक्षरांत छापले होते. अगदी शेवटी, हिशेबाला जोडलेल्या बारीक टाइपातल्या टिपांमध्ये, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे वार्षिक वेतन दिलेले होते आणि ते माझ्या उत्पन्नाच्या कितीतरी पट होते.

काही गैर घडले आहे असा माझा आरोप नाही, परंतु मनात पाल चुकचुकली हे खरे. म्हणून जाणकारांना विचारतो. कामावरचा खर्च आणि प्रशासकीय खर्च यांच्या ज्या टक्केवाऱ्या संस्था जाहीर करतात, त्यांवर कितपत विसंबावे? लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेतील अधिकाऱ्याने बाजारभावाने वेतन घेणे योग्य मानावे काय? आणि ज्याला हिशेबतपासणीचे शिक्षण नाही अशा देणगीदाराला हे सारे पारखण्याची काही वाट आहे का?

ताळेबंद

सेवाभावी संस्थांचे लेखापरीक्षण हा माझ्या व्यवसायाचाच भाग असल्याने पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. ‘शंभरातले नव्वद’ हा आकडा बहुधा नियमांच्या चौकटीत राहूनच घडवलेला असतो आणि म्हणूनच तो खोटा ठरवणे अवघड जाते.

समजा, एखादी संस्था एका आजाराविषयी लाखभर लोकांना पत्र पाठवते. पत्रात आजाराची लक्षणे असतात, ती दिसल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी असे आवाहन असते आणि तळाशी देणगीसाठी फाडून पाठवायची चिठ्ठी असते. छपाई, पाकिटे आणि टपालखर्च यांचे बिल एकच येते. ते निधी उभारणीच्या खात्यावर टाकायचे की जनजागृतीच्या? अशा सामाईक खर्चाची काही अटींवर विभागणी करण्यास हिशेबाची मानके परवानगी देतात. निम्मे बिल जनजागृतीकडे वळवले की तेवढी रक्कम ‘प्रत्यक्ष काम’ या सदरात मोजली जाते आणि टक्केवारी सुधारते. पत्र मिळालेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र ते देणगीचे मागणीपत्रच असते.

वस्तुरूप देणग्यांचा प्रकार याहून सोपा आहे. मुदत संपत आलेली औषधे एखाद्या कंपनीने दिली, संस्थेने ती किरकोळ विक्रीच्या दराने जमेस धरली आणि वाटल्यावर त्याच दराने खर्ची टाकली, की एक पैही हाती न येता कामावरचा खर्च फुगतो आणि त्याच्या तुलनेत प्रशासकीय खर्चाचा वाटा आक्रसतो.

अमेरिकन रेड क्रॉसचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. देणगीच्या प्रत्येक डॉलरमागे ९१ सेंट सेवाकार्यावर जातात, असे ती संस्था सांगत असे. हा आकडा देणग्यांचा नसून संस्थेच्या एकूण खर्चाचा आहे, आणि त्या खर्चात रुग्णालयांना रक्त पुरवण्याचा, म्हणजे मुख्यतः रुग्णालयांनी मोजलेल्या पैशांवर चालणारा, मोठा व्यवहार धरलेला आहे, हे २०१४ मध्ये पत्रकारांनी दाखवून दिले. त्यानंतर संस्थेने ते विधान बदलले. हैतीतील २०१० च्या भूकंपानंतर याच संस्थेने सुमारे ४८.८ कोटी डॉलर जमवले आणि त्यातला बराच पैसा अन्य संस्थांकडे सोपवला. त्या संस्थांनीही आपापला व्यवस्थापन खर्च त्यातून घेतला. पैसा जितक्या हातांतून जातो तितक्या वेळा असा खर्च वळता होतो, पण पहिल्या संस्थेच्या पत्रकात पुढे दिलेली संपूर्ण रक्कम कामावरचा खर्च म्हणूनच दिसते. जमलेल्या रकमेपैकी सुमारे चौथा हिस्सा संस्थेच्या अंतर्गत खर्चावर गेला, असे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या २०१६ च्या अहवालात नमूद आहे.

दुसरीकडे, प्रशासकीय खर्च कमी असणे म्हणजे संस्था चांगली असणे, असेही नाही. तपासनीस न नेमणारी, जुनाट संगणकांवर लाभार्थ्यांच्या नोंदी ठेवणारी आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण न देणारी संस्था कागदावर काटकसरी दिसते. गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या सेवाभावी संस्थांची माहिती व मूल्यमापन पुरवणाऱ्या अमेरिकी संघटनांनी २०१३ मध्ये देणगीदारांना उद्देशून जाहीर पत्र लिहून केवळ या खर्चावरून संस्था जोखू नये असे कळवले होते. अर्थात यांतल्या चॅरिटी नॅव्हिगेटरनेच त्याआधी बरीच वर्षे याच गुणोत्तराला आपल्या गुणांकनात वजन दिलेले होते.

परखड

वरील विवेचन पटले, तरी एक आक्षेप नोंदवतो. टक्केवारीकडे पाहू नका, असा उपदेश आता देणगीदारांना केला जातो. परंतु ही टक्केवारी त्यांच्या डोक्यात भरवली कोणी? संस्थांनीच. आपल्या जाहिरातीत ‘शंभरातले नव्वद’ मिरवायचे आणि कोणी त्याची उलटतपासणी सुरू केली की हे मापच चुकीचे आहे असे सांगायचे, हा दुटप्पीपणा आहे. देणगीदार अडाणी असल्यामुळे अविश्वास निर्माण झालेला नाही. तो पुष्कळ अंशी संस्थांनी स्वतः ओढवून घेतलेला आहे.

मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेने, पन्नासही राज्यांना बरोबर घेऊन, कर्करुग्णांच्या नावाने निधी गोळा करणाऱ्या चार संस्थांविरुद्ध दावा दाखल केला. २००८ ते २०१२ या काळात त्यांनी १८ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली होती. दाव्यात म्हटल्याप्रमाणे व्यावसायिक निधिसंकलक अनेकदा देणगीचा ८५ टक्के किंवा त्याहूनही मोठा वाटा स्वतः घेत, आणि उरलेल्या पैशांतून आप्तेष्टांच्या नोकऱ्या, मोटारी, जहाजावरच्या सफरी, महाविद्यालयांचे शुल्क, व्यायामशाळांची वर्गणी, इतकेच काय, डेटिंग संकेतस्थळांचे सदस्यत्वसुद्धा भागवले जात असे. ताळेबंद यांनी सांगितलेली वस्तुरूप देणग्यांची युक्तीही या दाव्यात आढळते. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याप्रमाणे अशा प्रकरणांचा भुर्दंड प्रामाणिक संस्थांना पडतो हे मान्य, पण त्या संस्थांनी अशा लबाडीविरुद्ध फारसा आवाज उठवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

कायद्यानेच टक्केवारीची मर्यादा घालावी, असे कोणी सुचवील. जमलेल्या रकमेतील ७५ टक्के सेवाकार्यावर खर्च झालीच पाहिजे, हा शॉमबर्ग या गावाचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणास्तव रद्द केला, आणि निधिसंकलकांच्या शुल्कावर नॉर्थ कॅरोलायनाने घातलेली बंधनेही १९८८ मध्ये टिकली नाहीत. भारताने परदेशी देणग्यांपुरता याच्या अगदी उलट मार्ग धरला आणि २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मला पहिल्या मार्गात देणगीदाराला वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटते, तर दुसऱ्यात मर्यादेच्या आत बसण्यासाठी खर्चाची नावे बदलण्याचा मोह वाढतो.

कार्यकारिणी

वेतनाच्या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळलेले नाही, म्हणून लिहिते. एका संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी विनामोबदला काम करते आणि अधिकाऱ्यांचे वेतन ठरवणाऱ्या उपसमितीचीही सदस्य आहे.

समाजकार्य म्हणजे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. विश्वस्तांच्या बाबतीत ती बऱ्याच ठिकाणी रास्तही आहे. ब्रिटनमध्ये विश्वस्ताला त्या पदाबद्दल सामान्यतः मोबदला घेता येत नाही. परंतु शेकडो कर्मचारी, अनेक ठिकाणी पसरलेले प्रकल्प आणि अनुदानांचे किचकट हिशेब सांभाळणे हे फावल्या वेळेत होणारे काम नव्हे. त्यासाठी पगारी माणसे लागतात, मात्र त्यांचे वेतन झाकलेले राहू नये म्हणून ब्रिटनमधील मोठ्या संस्थांना ६०,००० पौंडांहून अधिक वेतनादी लाभ घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या १०,००० पौंडांच्या टप्प्यांनुसार हिशेबात दाखवावी लागते, आणि अमेरिकेत वरिष्ठांचे वेतन फॉर्म ९९० मध्ये, म्हणजे संस्थेने करखात्याकडे दरवर्षी भरायच्या विवरणपत्रात, नावानिशी जाहीर होते.

अमेरिकेच्या करकायद्याने वेतन ठरवण्याची पद्धतही सुचवलेली आहे. निर्णय घेणाऱ्यांचा त्यात हितसंबंध नसावा, तुलनेसाठी तत्सम पदांच्या वेतनाची माहिती गोळा करावी आणि निर्णयाची कारणे वेळीच लेखी नोंदवावीत. एवढे केल्यास वेतन वाजवी असल्याचे गृहीत धरले जाते. ते अवाजवी ठरले तर वरच्या रकमेवर त्या अधिकाऱ्याला २५ टक्के आणि ती परत न केल्यास २०० टक्के कर भरावा लागतो. कागदावर हे चोख दिसते, परंतु खरी मेख तुलनेच्या यादीत आहे. आमच्या उपसमितीत वादावादी होते ती यादीत कोणत्या संस्था घ्याव्यात यावरच. यादी ठरली की वेतन जवळपास ठरलेलेच असते. शिवाय आपला अधिकारी सरासरीपेक्षा कमी प्रतीचा आहे असे कोणतेच मंडळ म्हणत नाही, त्यामुळे प्रत्येक जण सरासरीच्या थोडे वर राहू पाहतो आणि सरासरीच दरवर्षी वर सरकत राहते. अवाच्या सवा वेतने अशा सभ्य मार्गाने तयार होतात.

असे असले तरी वेतनाचा जाहीर आकडा हे माझ्या मते सर्वांत कमी धोक्याचे ठिकाण आहे, कारण तो निदान दिसतो. युनायटेड वे ऑफ अमेरिका या मोठ्या सेवाभावी संस्थेचे प्रमुख विल्यम अरामोनी यांच्या वेतनावरही टीका झाली होती, पण १९९२ मध्ये पद सोडल्यानंतर १९९५ मध्ये त्यांना जी सात वर्षांची शिक्षा झाली, ती संस्थेचा पैसा खासगी चैनीकडे वळवल्याबद्दल. जाहीर न होणारे भत्ते, नातेवाइकांच्या कंपन्यांना दिलेली कंत्राटे आणि प्रवासाची बिले यांत पाणी अधिक मुरते, आणि मुकाट्याने सह्या करणारे मंडळ असेल तर ते वर्षानुवर्षे मुरत राहते.

साशंक

सर्वांचे आभार. वेतन जाहीर असणे आणि ते रीतसर ठरलेले असणे यांचे महत्त्व समजले, तरी ज्याचे उत्पन्न त्या अधिकाऱ्याच्या दशांशही नाही अशा माणसाने आपल्या तुटपुंज्या रकमेतून त्याच्या वेतनाला हातभार लावावा, हे माझ्या मनाला अजूनही रुचत नाही, आणि युक्तिवादाने ते रुचेल असे वाटत नाही. आणखी एक शंका आहे. याच संस्थेच्या ताळेबंदात जवळपास वर्षभराचा खर्च भागेल एवढी गंगाजळी दिसते. हाती एवढा पैसा असताना पुन्हा देणगीसाठी पत्रे कशासाठी पाठवावीत?

ताळेबंद

आपल्याला जे रुचत नाही ते पुष्कळांना रुचत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे ४०,००० संभाव्य देणगीदारांना वेगवेगळी आवाहने पाठवली होती. प्रशासकीय खर्च दुसऱ्या एका मोठ्या देणगीदाराने आधीच उचलला आहे, असे ज्यांना कळवले, त्यांच्याकडून सर्वाधिक रक्कम आली. संस्थेचा खर्च तोच होता. तो आपल्या पैशातून होऊ नये एवढीच लोकांची इच्छा होती.

गंगाजळीविषयी म्हणाल तर प्रथम तिचे दोन भाग वेगळे करा. विशिष्ट कामासाठीच दिलेला निधी संस्थेला अन्यत्र वापरता येत नाही, त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसला तरी पगार आणि भाडे भागवण्यास मोकळी असलेली रक्कम थोडीच असू शकते. काही महिन्यांचा खर्च भागेल इतकी मोकळी शिल्लक नसणे अधिक चिंतेचे आहे. ब्रिटनमधील किड्स कंपनी ही गरजू मुलांसाठी काम करणारी संस्था आलेला पैसा लागलीच खर्च करीत असे आणि तिच्याकडे राखीव निधी नावापुरताच होता. सरकारी अनुदानाचे ३० लाख पौंड मिळाल्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१५ मध्ये ती बंद पडली आणि तिच्यावर अवलंबून असलेली मुले वाऱ्यावर पडली. मात्र कित्येक वर्षांचा खर्च भागेल इतकी मोकळी शिल्लक असूनही जी संस्था तातडीच्या भाषेत पत्रे पाठवते, तिला राखीव निधीचे धोरण लेखी मागावे.

आपण त्या संस्थेला एक पत्र लिहावे, असे सुचवतो. वेतन कोणी आणि कोणत्या संस्थांशी तुलना करून ठरवले, सामाईक खर्चाची विभागणी कोणत्या आधारे केली, आणि विश्वस्तांच्या वा अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांशी कोणते व्यवहार झाले, एवढेच विचारावे. उत्तरात पुन्हा तेच रंगीत माहितीपत्रक आले, तर पुढच्या देणगीचा फेरविचार करण्यास ते कारण पुरेसे आहे.

परखड

पत्राची सूचना चांगली आहे, पण तिला एक मर्यादा आहे. हिशेब जाहीर करण्याचे बंधन सर्वांनाच नसते. अमेरिकेतील चर्चना फॉर्म ९९० भरण्यापासूनही सूट आहे. जेथे आकडेच बाहेर येत नाहीत, तेथे टक्केवारी, वेतन, गंगाजळी यांपैकी कशाचीच चर्चा संभवत नाही. अशा ठिकाणी पत्राला लेखी उत्तर मिळेपर्यंत मी तरी देणगी देत नाही.