जुना राउटर ॲक्सेस पॉइंट केल्यापासून केबलवरचा टीव्हीही अडतोय

प्रश्न
मागच्या खोलीत रेंज पोचत नव्हती, म्हणून कपाटातला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (मुख्य राउटरचंच नेटवर्क तिथे वायफायने पोचवायला) बाहेर काढला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१) आणि मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातल्या यंत्रांसाठीच्या) लावली, वॅन (बाहेरून इंटरनेट घेणारा पोर्ट) रिकामा. दोन दिवस मस्त चाललं. मग लॅपटॉप दीड दिवस बंद होता. उघडला तर वायफाय जोडलेलं, पण इंटरनेट नाही. फोन मात्र तिथेच, त्याच वायफायवर व्यवस्थित! काल तर टीव्हीही अडला, आणि तो मुख्य राउटरला थेट केबलने जोडलाय. जुना राउटर बंद करून जोडणी पुन्हा केली की सगळं सुरू. माझं खरंच डोकं चालेनासं झालंय.

उत्तर १
दोन्हींचे वायफाय चॅनेल वेगळे ठेवा. एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११.

प्रश्नकर्ता
ठेवले. फरक नाही. शिवाय टीव्ही वायफायवर नाहीच ना.

उत्तर २
टीव्हीचं सांगितलंत ते बरं झालं. लॅपटॉप अडलेला असतानाच आयपीकॉन्फिग (नेटवर्कची माहिती दाखवणारी विंडोजची आज्ञा) चालवा आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायला लॅपटॉप ज्या राउटरकडे जातो तो, कोणता दिसतो ते कळवा.

प्रश्नकर्ता
१९२.१६८.१.२. म्हणजे जुना राउटर!

उत्तर २
मग जुन्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय, चालूच राहिलंय. पत्ता मागताना यंत्र सगळ्या नेटवर्कभर हाक देतं, केबलवरचं असो की वायफायवरचं. दोघेही राउटर ओ देतात आणि बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता घेतला जातो. जुना राउटर पत्त्यासोबत गेटवे म्हणून स्वतःलाच देतो, पण त्याच्या वॅनला काहीच नाही, मग पुढे जाणार कुठे? फोनची मुख्य राउटरकडची लीज (पत्ता वापरायची ठरावीक मुदत) अजून टिकून असेल. लॅपटॉपची बंद असताना संपली. जुन्याचं डीएचसीपी बंद करा आणि अडलेली यंत्रं पुन्हा जोडा.

प्रश्नकर्ता
केलं. लॅपटॉपचा गेटवे १९२.१६८.१.१ झाला, टीव्ही बंद-चालू केल्यावर लागला. मनापासून आभार, चार दिवस यातच गेले होते.

उत्तर २
एक राहिलं. मुख्य राउटरचा पूल, म्हणजे तो वाटतो त्या पत्त्यांचा साठा, कुठून सुरू होतो?

प्रश्नकर्ता
अरे, .२ पासूनच! म्हणजे जुन्या राउटरचाच पत्ता उद्या एखाद्या फोनला मिळाला असता. पूल .२० पासून केला.