'डिजिटल नोमॅड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : रिमोट काम करणाऱ्यांसाठी गावात बसायला एक सामायिक जागा मिळावी म्हणून आम्ही काही जण नगरपरिषदेला निवेदन देतोय. 'डिजिटल नोमॅड'साठी, म्हणजे लॅपटॉपवर काम करत गावोगावी फिरणाऱ्यांसाठी, 'डिजिटल भटके' लिहिलेलं वाचलं. तेच वापरावं का? आणि 'रिमोट वर्क'ला 'दूरस्थ कार्य' चालेल?

उत्तर : 'भटके' अजिबात नको. महाराष्ट्रात या शब्दामागे मोठा इतिहास आहे. 1871च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. भटक्या जमाती हा आजही आरक्षणाचा प्रवर्ग आहे. 'भटक्यांसाठी जागा' असं वाचल्यावर कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर पालंच येणार, आणि आली पाहिजेत. ती मागणी वेगळी, जुनी आणि जास्त निकडीची आहे. रहिवासाचा पुरावा नाही म्हणून रेशनकार्डासाठी हेलपाटे घालणारा माणूस आणि लॅपटॉप घेऊन हवं तिथे राहणारा माणूस एका शब्दात कोंबू नयेत.

इंग्रजीत हा शब्द माकिमोतो आणि मॅनर्स यांच्या 1997च्या पुस्तकापासून पुढे आला. मराठीत 'फिरस्ता' जवळचा वाटतो, कारण त्यात आपखुशीचं फिरणं आहे. मात्र 'फिरतीची नोकरी' म्हणू नका. औषध कंपनीच्या एमआरला काम फिरवतं. इथे काम एका स्क्रीनपुरतं असतं, फिरतो तो माणूस.

आणखी एक मत : 'पाठीवर बिऱ्हाड' कसं वाटतं? विंचवाचं बिऱ्हाड सगळ्यांना कळतं.

उत्तर : लेखाच्या मथळ्याला छान. पण ते आपण सारख्या बदल्या होणाऱ्यांबद्दल, थोडं कीव करत म्हणतो. निवेदनात तो सूर नको.

गोव्याहून : फिरस्ते म्हणा नाहीतर काहीही, आसगाव-हणजूणकडे त्यांच्यामुळे भाडी इतकी चढली की गावच्याच माणसाला खोली परवडत नाही. त्यांची बाजू मांडताना हेही लिहा.

उत्तर : तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच शब्द नेमका हवा. तुमच्या निवेदनातली माणसं फिरस्ती आहेत का? तालुक्याच्या गावात रिमोट काम करणारे बहुतेक जण तिथलेच असतात. आई-वडिलांसाठी पुण्याहून परतलेला मुलगा, नवऱ्याच्या बदलीमुळे आलेली पण नोकरी टिकवून धरलेली बाई. यांना 'डिजिटल' काही म्हणायची गरजच नाही. 'रिमोट काम करणारे स्थानिक रहिवासी' म्हणा. 'रिमोट' आता घरोघरी कळतो. 'दूरस्थ शिक्षण' रुळलं तसं 'दूरस्थ कार्य' कदाचित रुळेलही, पण ही माणसं आपल्याच गावात बसलेली आहेत, दूर आहे ते ऑफिस.

'घरून काम' तर मुळीच लिहू नका. लगेच उत्तर येईल, घर आहे ना, मग जागा कशाला? अडचण घरातच असते. दोन खोल्या, एकीत आजारी सासरे, दुसरीत दहावीची मुलगी, आणि मीटिंगच्या ऐन वेळी गेलेली वीज. कंपन्यांची आडकाठी बरीच कमी झाली आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने बीपीओंवरच्या (दुसऱ्या कंपन्यांची कॉल सेंटरसारखी कामं करणाऱ्या कंपन्यांवरच्या) दूरसंचार अटी सैल केल्या आणि कर्मचाऱ्याला देशात कुठूनही काम करण्याची वाट मोकळी झाली. अडतं ते बसण्याच्या जागेपाशी.

जागेसाठी आपल्याकडे आयता शब्द आहे, 'अभ्यासिका'. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे ती गावोगावी आहे : फळीने वेगळं केलेलं टेबल, प्रत्येकाला प्लग, इन्व्हर्टर. फक्त तिथे बोलायला बंदी असते आणि यांना तर दिवसभर कॉल. म्हणून 'बोलण्याच्या स्वतंत्र खोलीसह' हे शब्द गाळू नका. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या पोंता दो सोल गावाने 2021 मध्ये परदेशी फिरस्त्यांसाठी आपल्या सांस्कृतिक केंद्रातच टेबलं आणि इंटरनेटची मोफत सोय केली. आपल्याला ती आपल्या माणसांसाठी करायची आहे. एस्टोनिया, पोर्तुगाल यांच्या व्हिसाचा उल्लेख आलाच तर तिथे 'डिजिटल नोमॅड व्हिसा' तसंच ठेवा, ते योजनेचं नाव आहे.

प्रश्नकर्ता : मग पहिलं वाक्य असं चालेल? 'नगर वाचनालयाचा वापरात नसलेला वरचा मजला, बोलण्याच्या स्वतंत्र खोलीसह, रिमोट काम करणाऱ्या स्थानिक रहिवाशांना सामायिक कार्यालय म्हणून अल्प शुल्कात उपलब्ध करून द्यावा.'

उत्तर : चालेल. 'रहिवाशांना'च्या आधी 'स्त्री-पुरुष' घाला, आणि वेळ रात्री अकरापर्यंत मागा. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांना संध्याकाळी सातला बंद होणारी खोली काही कामाची नाही.