वस्तीतल्या १४ ते १७ वयाच्या मुलांसाठी वायरिंगचा वर्ग: आखणीत काय चुकतंय?

वस्तीमंडळ_पुणे:
२० मुलांसाठी तीन महिन्यांचा घरगुती वायरिंगचा वर्ग काढतोय, संध्याकाळी ७ ते ९. १२ जणांची शाळा सुटली आहे, ५ जणांची प्रकरणं बाल न्याय मंडळात चालू आहेत. कोपऱ्यावर रिकामी बसणारी पोरं कोयता घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या हाती लागतात, म्हणून घाई आहे. या ५ जणांची वेगळी बॅच करावी, उद्घाटनाला पोलीस अधिकारी बोलवावेत आणि शेवटी प्रत्येकाला काही रक्कम द्यावी, असा बेत आहे. कुठे चुकतंय?

संध्याशाळा:
वेगळी बॅच अजिबात नको. प्रकरण असलेली मुलं एकत्र बसवली की वर्गाचा अड्डा होतो. कोणी काय केलं यावर तिथे मान ठरतो आणि नवखा मुलगा दोन आठवड्यांत तेच शिकतो. पाचही जण २० मध्ये विखरून ठेवा, कामाच्या जोड्या दर सोमवारी बदला.

पैसे शेवटी नकोत, दर शनिवारी हजेरीप्रमाणे द्या. घरात पैसे लागतात ते आज, तीन महिन्यांनी नव्हे. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात १३ शाळांतल्या १,६३४ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून निवड केली होती. निवडलेल्यांना आठ आठवडे पगारी काम आणि सोबत एक मोठं माणूस. पुढच्या १६ महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. चोरीच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांत आली. म्हणजे मुलं नुसती गुंतून राहिली एवढंच कारण नव्हतं.

७ ते ९ ही वेळ उत्तम, कोपराही तेव्हाच भरतो. आधी पोहे किंवा वडापाव द्या, उपाशी पोराचं लक्ष लागत नाही. आणि मुलगा सलग दोन दिवस आला नाही तर त्याच रात्री घरी जा. आठवड्याने गेलात तर तो परत येत नाही.

तारजोडणी:
दोघांत एक बोर्ड पुरतो: २ × ३ फूट प्लाय, दोन स्विच, एक होल्डर, ६ अँपिअरचं सॉकेट. दिव्याला १.५ चौरस मिमी तार, १६ अँपिअरच्या सॉकेटला किमान २.५. वर्गाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ती आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पहिला धडाही घेऊ नका. जोडणी मेन बंद ठेवूनच करायची, चालू फक्त शिक्षकाने करायचं, तेही आधी सिरीजच्या दिव्यातून. शॉर्ट असला तर तो दिवा पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही, आणि मुलाला आपली चूक डोळ्यांनी दिसते.

नेहमीच्या चुका दोन. ब्लेडने सोलताना तांब्याचे एक-दोन धागे कापले जातात, पुढे जोड तिथेच तापतो. म्हणून स्ट्रिपर घ्या. दुसरी, स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेणं: दिवा विझतो पण होल्डरमध्ये करंट राहतो.

मुलांची गळती मात्र जिन्याच्या कनेक्शनला होते, म्हणजे एक दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करायच्या जोडणीला. टू-वे स्विचचा कॉमन टर्मिनल सापडत नाही, दिवा एकाच बाजूने लागतो आणि पोरगा पक्कड टाकून उठतो. त्या दिवशी नवीन काही शिकवू नका. ज्याला जमलं त्याला न जमलेल्याच्या शेजारी बसवा.

तीन महिन्यांत मदतनीस तयार होतो, वायरमन नाही. प्रमाणपत्रावर तसंच लिहा. पुढचा रस्ता म्हणजे आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड. त्याला आठवी पास चालतं.

बालहक्क_कायदा:
पोलीस अधिकारी नकोत, फोटोही नकोत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार या मुलांची ओळख उघड करता येत नाही. ग्रुपवर टाकलेल्या एका फोटोनेही ती उघड होऊ शकते. हजेरीपटात ‘मंडळाची तारीख’ असं लिहू नका, नुसतं ‘रजा’ लिहा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका.

परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) वर्गाचं वेळापत्रक लेखी द्या. त्याला मुलाच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो, त्यात या वर्गाचा उल्लेख येऊ शकतो. कलम १८ खाली बाल न्याय मंडळ मुलाला शाळेत किंवा प्रशिक्षण केंद्रात जायचा आदेशही देऊ शकतं.

‘केस झाली, आता नोकरी नाही’ ही भीती मुलांना कोपऱ्यावर परत नेते. त्यांना कलम २४ समजावून सांगा: दोषी ठरलं तरी त्यामुळे अपात्रता लागत नाही. अपवाद १६ वर्षांपुढच्या त्या मुलांचा, ज्यांना बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरवलं आहे.

ठेकेदाराकडे पाठवाल तेव्हा १८ खालच्यांना धोकादायक काम नाही, विश्रांती धरून दिवसाला सहा तासच, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मध्ये काम नाही.

वस्तीमंडळ_पुणे:
बॅच एकच करतो, उद्घाटन रद्द. चौघांकडे शाळेचा दाखलाच नाही. त्यांचं काय?

संध्याशाळा:
आधी इयत्ता विचारा. नववीत सुटलेला मुलगा आठवी पास असतोच, फक्त कागद हातात नसतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते, तिथून दुय्यम दाखला मिळतो. त्यावर दहावीचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) भरता येतो. मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून दाखल्याचं काम पहिल्या आठवड्यातच घ्या. आठवीच्या आत सुटलेल्यांसाठी मुक्त विद्यालयाची आठवी आहे. दाखल्यासाठी मुलाला एकट्याला शाळेत पाठवू नका. ज्या ऑफिसातून तो एकदा ओरडा खाऊन निघाला, तिथे तो दारातूनच परत फिरतो. वस्तीमंडळातलं कोणीतरी सोबत जा.