प्रति: हिम की हिज?

इंग्रजीत '-इंग' लागलेल्या क्रियापदाआधी हिम की हिज, हा प्रश्न. वरच्या प्रतिसादात 'इन्सिस्टेड ऑन हिम कमिंग' (त्याने यावंच असा आग्रह धरला) हे साफ चूक आणि 'हिज कमिंग'च बरोबर, असं म्हटलंय. इतकं कडक नको. हा हट्ट मुख्यतः इंग्रज कोशकार फाउलरचा. १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात त्याने 'हिम कमिंग'छाप रचनेला चांगलंच झोडपलंय. डॅनिश व्याकरणकार येस्पर्सनने तेव्हाच जुन्या लेखकांची उदाहरणं काढून त्याला उत्तर दिलं. आज बोलताना हिम चालतं, अर्जात नि परीक्षेत हिज लिहा, झालं. आपणही 'तो येण्याची वाट' आणि 'त्याच्या येण्याची वाट' दोन्ही म्हणतोच की.

आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या क्लासात पोरं अडकतात ती दुसरीकडेच. 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड' इथं नियम घोकलेलं पोरगं हमखास हिज घालतं. अरे, बिंदू चौकात तुला दिसला तो माणूस! 'ऑब्जेक्ट टू हिज पार्किंग हिअर'मध्ये मात्र हरकत माणसाला नाही, गाडी लावण्याला आहे.

आणि तो 'टू'. 'लूकिंग फॉरवर्ड टू मीट यू' सगळीकडे दिसतं. पुढं एखादं नाम ठेवून बघायचं: 'लूकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' जमतं, म्हणजे टू शब्दयोगी, म्हणून 'मीटिंग'. 'वॉन्ट टू दिवाळी' जमत नाही, तिथं 'मीट'. खरी फजिती 'यूज्ड टू'ची: 'आय यूज्ड टू स्विम' म्हणजे पूर्वी पोहायचो, 'आय ॲम यूज्ड टू स्विमिंग' म्हणजे पोहण्याची सवय आहे.