विषय: रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ टाकायचा कुठे?

नमस्कार मंडळी,
काल रात्री अकरापर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कित्त्यांचे फोटो शोधत होते. 14 मुलांपैकी 9 जणांचे सापडले, बाकीचे कोजागरीच्या दुधाच्या चर्चेत वर निघून गेले. राहिलेल्यांनी आजच परत पाठवा, वह्या बघितल्याशिवाय जोडाक्षरं सुरू करता येणार नाहीत. आणि पुढच्या सत्रापासून गृहपाठ जमा करायला गूगल क्लासरूमच घ्या, ही माझी कळकळीची विनंती.
– बालवर्गाची ताई

---

ताई, क्लासरूम करोनात करून झालंय. फोटो जोडला की काम झालं असं पालक धरून चालले. 'टर्न इन'चं बटण दाबल्याशिवाय गृहपाठ जमा होत नाही, हे त्यांना आपणच दाखवलं नव्हतं. पुन्हा तेच होणार असेल तर आधी सगळ्यांना अर्धा तास बसवून शिकवा.
– मोठ्या वर्गाचे सर

---

सर, टर्न इन शिकता येईल हो. माझा मुद्दा ळ चा आहे. आमची लेक 'शाळा'ला 'शाला' म्हणायची. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवली: जीभ मागे वळव, टाळूला लाव, मग पुढे सोड. लेकीनं माइक दाबून धरून सात वेळा उत्तर पाठवलं. सातव्यांदा ळ आला! तीच नोट लगेच सांगलीला आजीकडे गेली. क्लासरूममध्ये हेच करायचं तर आधी फोनचा रेकॉर्डर उघडा, फाइल ठेवा, मग ती शोधून जोडा. सहा वर्षांचं पोर तोवर उठून जातं.
– एक बाबा

---

वर्गासाठी काय वापरायचं हे शाळा समितीत ठरतं, इथे नाही. पैशांचंही बघा. आपला वर्ग झूमवर भरतो, त्याची वर्गणी मंडळ भरतं. फुकटातलं झूम 40 मिनिटांत संपतं, पण गूगल मीट तीन किंवा जास्त माणसं असली तरी 60 मिनिटं चालतं. आपला वर्ग 50 मिनिटांचा. मग मीट का नको?
– खजिनदार

---

खजिनदारसाहेब, झूमवर मुलं टॅबवरून बोटानं माझ्याच पडद्यावर अक्षर गिरवतात. 'क्ष'ची गाठ कुठे चुकते ते मला तिथल्या तिथे दिसतं. समितीत मीही आहे, आणि झूम मी सोडणार नाही.
– ताई

---

ताईंचं बरोबर आहे. माझ्या नातवाला 'र' त्या गिरवण्यातूनच समजला.

गृहपाठाचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपला 13 वर्षांची अट आहे, म्हणजे बालवर्गाचं सगळं आईबाबांच्याच फोनवरून जाणार. मग बालवर्गाचा निराळा ग्रुप काढा, त्यात फक्त कित्ता आणि व्हॉइस नोट. दूध, हॉलची किल्ली, वर्गणी जुन्या ग्रुपवर. मोठ्या वर्गाला निबंध लिहायचे असतात, सरांनी त्यांना खुशाल क्लासरूमवर न्यावं.
– माजी अध्यक्ष (काका)

---

काका, ग्रुप काढला, सगळ्या पालकांना जोडलं. आत्तापर्यंत दोन कित्ते आले, तीन यायचेत. एका फोटोत वहीचा खालचा अर्धा भाग कापला गेलाय, तो कृपया परत काढा.
– ताई