स्लाइडवर शब्द किती असावेत? ‘सहा शब्दांच्या’ नियमाला माझा आक्षेप

धरमपेठकर : ‘एका स्लाइडवर सहापेक्षा अधिक शब्द नकोत’ असे परवा येथे लिहिले गेले, ते मला अजिबात पटलेले नाही. मे महिन्यात चारही कोपऱ्यांत कूलर घरघरत असलेल्या नागपूरच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत वक्त्याचे निम्मे बोलणे पोहोचत नाही. माझ्या वडिलांना कमी ऐकू येते. नुसती छायाचित्रे दाखवणाऱ्या व्याख्यानातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

महालवासी : ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. श्रोता वाचू लागला की त्याचे ऐकणे थांबते. २००३ मध्ये कोलंबिया या अवकाशयानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळल्यानंतर (त्याच आघातामुळे परतताना यान नष्ट झाले) नासापुढे जी स्लाइड ठेवली गेली, तिच्यात तो तुकडा चाचणीतील नमुन्यापेक्षा कितीतरी पट मोठा असल्याची बाब मजकुराच्या गर्दीत अगदी तळाशी होती.

धरमपेठकर : अर्धेच सांगू नका. तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरल्या जातात, हा त्या अपघाताच्या चौकशी मंडळाचा आक्षेप होता. सहा शब्दांत तो धोका कसा मांडला असता, ते सांगा.

सीताबर्डीकर : आपण शब्द मोजत आहात, पण आमच्याकडे ते वाचता येतील असे उमटतही नाहीत. मी एका सभागृहात संगणक सांभाळतो. वक्ते ऐनवेळी पेनड्राइव्ह देतात, मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्याने पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे येतात. श्रोत्यांचा रोष मात्र आमच्यावर. कृपया कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये लिहा, सोबत पीडीएफ आणा आणि ओळींत पुरेसे अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

प्रतापनगरकर : सांगणे सोपे आहे! आमचा कित्येक वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. रूपांतर केले की रफार भलत्याच अक्षरावर जातो, आणि पीडीएफमध्ये आकृती टप्प्याटप्प्याने उलगडत नाही.

सीताबर्डीकर : मग रूपांतरानंतर एकदा मुद्रितशोधन करा. तीनशे श्रोत्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा तेवढे कष्ट वक्त्याने घेतलेच पाहिजेत.

महालवासी : कूलरचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. शीर्षकाच्या जागी निष्कर्ष सांगणारे एक पूर्ण वाक्य मला चालेल, परिच्छेद चालणार नाही. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना छापील टिपण द्यावे.

धरमपेठकर : टिपण बहुतेक ठिकाणी व्याख्यान संपल्यावर दाराशी वाटतात. ते सुरुवातीलाच हाती देण्याची आपली तयारी असेल, तर माझा परिच्छेदाचा आग्रह मी सोडतो. सहा शब्दांचा नियम मात्र आपण मागे घ्यावा.