मदत हवी आहे: पॅरिस-मिलानला खरेदी, मग रेल्वेने झुरिक. टॅक्स रिफंडचा शिक्का कुठे घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही टिळकवाडी, बेळगावचे. आई-बाबा, बायको आणि मी मे महिन्यात युरोपला निघालोय. मुंबईहून पॅरिस, तिथून विमानाने मिलान, मिलानहून रेल्वेने झुरिक आणि परतीचं विमान झुरिकहूनच. तिकिटं झालीत. त्यामुळे 'उलटं फिरा' हा सल्ला नको, तो भाऊजींनी दिलाय.

बहिणीचं लग्न ठरलंय. तिच्यासाठी पॅरिसला पर्स आणि मिलानला बाबांचं जाकीट, बूट घ्यायचे आहेत. (खडेबाजारात काय कमी आहे म्हणून आजी रोज विचारते.) फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोच्या वर खरेदी झाली की रिफंडचा, म्हणजे भरलेला व्हॅट परत मिळवायचा कागद मिळतो, इटलीत ही मर्यादा आता ७० युरोवर आलीय, इतकं कळलं. फ्रान्सचा व्हॅट २० टक्के, इटलीचा २२. मधल्या कंपनीचं कमिशन जाऊन हातात बारा टक्क्यांच्या आसपास पडतात म्हणे. तरी पर्सच्या किमतीत ते काही थोडे नाहीत.

विमानाने परतणारे त्या कागदावर विमानतळावर कस्टमचा शिक्का घेतात. आमचं विमान झुरिकहून, मग शिक्का तिथेच मिळेल ना? व्हिसा तर सगळीकडे एकच चालतो.

प्रतिसाद १ (निपाणीहून)

झुरिकची आशा सोडा. व्हिसा एकच, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे. पण ते युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे कस्टमची हद्द वेगळी. गाडीत पासपोर्टवर शिक्का पडत नाही म्हणून लोकांना सीमा ओलांडल्याचं कळतच नाही. तुमचा माल युनियनबाहेर पडतो तो इटली सोडताना. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलला पोचल्यावर कर्नाटकचा शिक्का कोण मारून देईल? तसंच स्विस कस्टम फ्रान्स-इटलीच्या कागदाला हात लावत नाही.

पॅरिसचा कागदही इटलीच्याच कस्टमकडून घ्यायचा. फ्रान्समध्ये बारकोड वाचणारी पाब्लो नावाची मशीन असतात, पण ती फ्रान्समधूनच बाहेर पडणाऱ्यांसाठी. वस्तू न वापरलेल्या हव्यात आणि हाताशी हव्यात, मोठ्या बॅगेच्या तळाशी नकोत. दुकानात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. कागद ज्याच्या नावावर, त्यानेच वस्तू घेऊन कस्टमपुढे उभं राहायचं. तेव्हा सगळं आईंच्या नावावर घेऊन त्यांना गाडीतच बसवून ठेवू नका.

प्रतिसाद २ (खानापूर)

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये शिरताना माणशी १५० फ्रँकपर्यंतचाच माल करमुक्त आहे. २०२५ पासून ही मर्यादा आली, आधी ३०० होती. पर्स त्याच्या वर जाणारच. नुसतं पुढे भारतात न्यायचं असलं तरी तिथल्या कस्टमला सांगून टाका, लपवू नका.

माझं मत विचाराल तर महागडी एखादी वस्तू झुरिकलाच घ्या. तिथे व्हॅट फक्त ८.१ टक्के, म्हणून रिफंड कमी. एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी हवी. पण शिक्का झुरिक विमानतळावरच मिळतो, धावपळ नाही. आई-बाबा बरोबर आहेत ना? मग हेच बरं की.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. शेंगेन आणि कस्टम वेगळे, हे ट्रॅव्हलवाल्यानेसुद्धा सांगितलं नव्हतं. त्याने तर झुरिकला सगळं होईल म्हणून छातीठोक सांगितलं होतं.

बायको पर्स पॅरिसलाच घेणार, त्यावर चर्चा बंद. जाकीट-बूट मात्र झुरिकला बघू. म्हणजे इटलीच्या शिक्क्याचा कागद एकच, तोही बायकोच्या नावावर. आई-बाबांना कुठे उभं राहायला नको.

आता एवढंच सांगा. मिलानहून झुरिकची गाडी कोमोवरून सीमेवरच्या कियासो स्टेशनला जाते आणि तिथे इटलीचं कस्टम बसतं असं वाचनात आलंय. तिथे उतरून शिक्का घेऊन पुढच्या गाडीने गेलेलं कोणी आहे का? आमचं स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीचं आहे, म्हणजे कियासोहून पुढचं वेगळं काढावं लागेल. जिने किती आहेत, तेही सांगा. बाबांचा गुडघा दुखतो आणि चार बॅगा आहेत.